मुऱ्हाळी

भिकुबाईने पुढच्या सीटच्या पाठीला गुडघ्याने ढोसलं.

"ओढ ना गं! हातात जीव नाही का तुझ्या?"

मेघाने पुन्हा ब्रेकवर पाय दाबला आणि गिअरच्या दांड्यावरचं बटण अंगठ्याने रेटलं. बटण आत जाईना. दांडा 'पी' या अक्षरासमोर खळ्यातल्या मेढीसारखा उभा होता. इंजीन चालू होतं, थंड हवा तोंडावर येत होती, पण गाडी अंगणातून तसूभर हलत नव्हती.

"अक्का, जरा दम धरा. अडकलाय."

"अडकलाय म्हणजे? काल संध्याकाळपर्यंत तर चालत होता."

"काल चालत होता. आज अडकलाय."

"उलट बोलू नको."

भिकुबाईच्या मांडीवर सांजोऱ्यांचा स्टीलचा डबा होता, पायाशी कुरडयांची पिशवी, आणि अंगावर ठेवणीतलं हिरव्या काठाचं लुगडं. आज आखाजी, अक्षय्य तृतीया. पहाटे उठून तिने आपल्या घरची घागर भरली होती, नवऱ्याच्या नावाने. घागरीवर डांगर, डांगरावर आंबा, सगळं यथासांग. आणि आठाच्या ठोक्याला ती गाडीत येऊन बसली होती. असोद्याहून जळगाव, जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री. साडेतीन तासांचा रस्ता. दुपारी बाराला पितरांच्या आगारीचा घास निखाऱ्यावर पडायचा, तेव्हा भावाच्या घरी हजर असायचं. नऊ वर्षांनी.

नऊ वर्षांपूर्वीच्या आखाजीला ती अशीच लुगडं नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसली होती. माहेराहून न्यायला कुणी येईल म्हणून. लेकीला न्यायला मुऱ्हाळी येतो, ती आपल्या पायाने जात नाही. तिच्या आईला न्यायला आला, आजीला न्यायला आला, तिलाही चाळीस वर्षं आला. त्या वर्षी मुऱ्हाळी आला नाही. निरोप आला. आता बसगाड्या पुष्कळ झाल्यात, बस धरून ये म्हणावं. भावाच्या तोंडचा निरोप! नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, आणि भाऊ म्हणतो बस धरून ये. भिकुबाईने पिशवी उचलून आत ठेवली, लुगडं बदललं आणि शेणाच्या पाटीला हात घातला. ज्या घरून न्यायला माणूस येत नाही त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, असं ती म्हणाली ते सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. फोन आले, माणसं मध्ये पडली. तिने शब्द सोडला नाही.

माघात भावाच्या, जीवरामच्या, एका अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा. आणि मागल्या आठवड्यात त्याने फोन केला. बहिणीला केला नाही, बहिणीच्या सुनेला केला. "पोरी, मना पाय तर उठत नही. तूच मनी मुऱ्हाळी व्हय."

मेघाने येऊन सांगितलं तेव्हा भिकुबाई लसूण सोलत होती. "मामांनी मला मुऱ्हाळी केलंय," मेघा म्हणाली. "आखाजीला सकाळी आठला गाडी दारात उभी असेल." आठ पाकळ्या जास्तीच्या सोलल्या गेल्या.

आणि आता गाडी दारातच उभी होती.

"मुऱ्हाळी म्हणे! मुऱ्हाळी आला की बैल जुंपलेले असत दारात. नुसता कासरा ओढायचा अवकाश. तुझ्या या बैलाला खुरकूत झालीय का?"

मेघा वाकली. दांड्याच्या बाजूला एक बोटभर झाकण होतं, ते तिने नखाने उचकटलं आणि आतल्या फटीत घराची किल्ली खुपसली.

"आता किल्ली कुठे खुपसतेस?"

"इथून दाबलं की सुटतो कधी कधी."

"कधी कधी?" भिकुबाई पुढे सरकली. "म्हणजे याआधी अडकला होता?"

मेघाचा हात थांबला. "दोनदा."

"दोनदा अडकला, आणि माझ्या कानावर नाही! घरात मी कोण आहे? भाडेकरू?"

किल्ली आत जात नव्हती. मेघाने ती काढली, टोक पदराने पुसलं, पुन्हा घातली. पुसताना तिने हात आपल्या अंगाआड धरला होता. भिकुबाईला ते खटकलं, पण रागात माणसाला एकच गोष्ट दिसते आणि तिला तेव्हा दांडा दिसत होता.

"अक्का, तुम्ही ओट्यावर बसता का जरा? सावलीत? मी करते काहीतरी."

"का? माझं ओझं होतंय गाडीला?"

असं म्हणत ती उतरलीच. दार असं आपटलं की कडुनिंबावरची साळुंकी उडाली.

ही गाडी तिच्या मनात भरलीच नव्हती. मेघा नशिराबादच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. दोन वर्षांपूर्वी ड्यूटीवर जाताना हायवेवर स्कूटीवरून पडली, डाव्या पायाच्या नळीत सळई घालावी लागली. डॉक्टरने सांगितलं, क्लच दाबायचा नाही. मुलगा भूषण सुरतेला नोकरीला. त्याने फोनवरच ठरवून टाकलं आणि गेल्या दसऱ्याला ही बिनक्लचची गाडी दारात आली. क्लच नाही, धड गिअर नाहीत, चार इंग्रजी अक्षरं आणि एक दांडा. "गाडी कसली, मिक्सर आहे," असं भिकुबाईने भरल्या अंगणात म्हटलं होतं. पेढे वाटणारी मेघा हसली होती.

पण वाहन घरात आलं की त्याचं करायचं ते भिकुबाई करी. तिच्या कमरेच्या चंचीत पितळेची डबी असे, डबीत तुपाहळदीत मळलेल्या अक्षता. गाडी बाहेर निघायच्या आधी मेघाने थांबायचं, भिकुबाईने दोन सीटांच्या मधून वाकून गिअरच्या दांड्यावर चिमूटभर अक्षता वाहायच्या, "जा माय, सुखरूप ये" म्हणायचं, मगच चाक हलायचं. सोबत जायचं असो नसो, याला खंड नव्हता. ट्रॅक्टरलाही ती गिअरवरच वाही. कुंकवाला हात लावणं तिने नवरा गेला तेव्हा सोडलं. अक्षता काही कुणाच्या बापाच्या नाहीत.

एकदाच खंड पडला होता. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी नवऱ्याशी, सुकदेवशी, काहीतरी वाजलं. कशावरून ते आता आठवतही नाही. ती चुलीपुढे फुगून बसली, ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज ऐकूनही उठली नाही. त्या दिवशी ट्रॅक्टर पाटाच्या कडेवरून उलटला. पुढे तिने ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. फक्त त्यानंतर या दारातून एकही वाहन अक्षतांवाचून गेलं नाही. आज तर तिने दोन चिमटी वाहिल्या होत्या. पल्ला लांबचा.

समोरच्या ओट्यावर सुंदरबाई घागरीला सूत गुंडाळत बसली होती. नात्याने चुलत जाऊ, आणि स्वभावाने गल्लीचं वर्तमानपत्र.

"अक्का, अजून इथंच का? मला वाटलं धुळं गाठलं असेल."

"धुळ्यात तुझं काही काम आहे का? असेल तर सांग, जाता जाता उरकते."

"मी आपलं विचारलं."

"विचारून झालं ना? गुंडाळ सूत."

सुंदरबाईने दोन फेरे गुंडाळले. "नवीनची भाड्याची जीप सांगायची मग."

"नवीनची जीप वऱ्हाड घेऊन पहाटेच गेली. आखाजीला दारात वाहन मोकळं राहतं का कुणाचं?" आणि मग थोडा आवाज चढवून, गाडीतल्या माणसाला ऐकू जाईल असं, "ज्यांच्या दारात आहे त्यांचं हे असं!"

मेघाचा फोन वाजला. तिने तो गाडीच्या खिडकीतून बाहेर धरला. पलीकडून आवाज आला, जड, अर्ध्या तोंडाने बोलल्यासारखा.

"बहीन, निंघनी का?"

भिकुबाईने फोन हातात घेतला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच भावाचा आवाज कानाशी होता. काय बोलायचं ते तिने आठवडाभर जुळवलेलं होतं, पण ते समोर गेल्यावर बोलायचं होतं.

"निंघी राहिनू," ती म्हणाली.

"तू उनी का मंग मायबापनी घागर भरसू. तवलोंग पानीबी नही."

"असा हट्ट करू नको. गोळ्या घ्यायच्या असतात तुला."

पण फोन बंद झाला होता. भिकुबाईने तो मेघाकडे फेकल्यासारखा दिला. रागाने बेभान झाली की तिच्या तोंडी माहेरची बोली येई; चाळीस-पन्नास वर्षं असोद्यात काढूनही ती गेली नव्हती.

"मना भाऊ तठे उपाशी बसेल शे! बठ्ठं वाटोळं व्हयनं! बोलाव कुणाला तरी, का मी ढकलत नेऊ साक्रीलोंग?"

"ढकललीत तरी हलणार नाही, अक्का. चाकं बांधलीत आतून," मेघा म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने ओठ आवळले. "रमजानभाऊंना फोन केलाय. निघालेत."

रमजान नशिराबादचा, ट्रॅक्टरचा मिस्त्री. तीस वर्षं या घराचा ट्रॅक्टर त्याच्याच हाताखालून गेलेला. वीस मिनिटांत त्याची मोटारसायकल कडुनिंबाखाली लागली. त्याने चपला अंगणात काढल्या, हात पायजम्याला पुसले आणि गाडीत बसायच्या आधी सीटवर आपला रुमाल अंथरला.

"तू ट्रॅक्टरचा माणूस," भिकुबाई ओट्यावरून म्हणाली. "हे खेळणं जमेल का तुला?"

"खेळणं नाही अक्का, ट्रॅक्टरपेक्षा शहाणं आहे. ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा सोडतच नाही. आत कुलूप असतं."

"मग पाय आहे ना ब्रेकवर? आता का सोडत नाही? शहाणं आहे का दीडशहाणं?"

"तेच बघतो. जरा मागं जाता का? ब्रेक दाबल्यावर लाल दिवा लागतो का सांगा. दिवा नाही लागला तर गाडीला कळतच नाही पाय ठेवलाय म्हणून."

भिकुबाई तरातरा मागे गेली. आयुष्यात कुणी तिला दिवा बघायला उभं केलं नव्हतं.

"लागला!"

"आता?"

"विझला! अजून किती वेळा बघू? दिवाळी आहे का?"

"झालं. ब्रेक ठीक आहे. दोष दांड्याच्या बुडाशी आहे."

त्याने त्या बोटभर फटीत बारीक पेचकस घातला. तो अर्ध्यावर थांबला. रमजानने काढून बघितला, पेचकसाच्या टोकाला काहीतरी चिकट लागलं होतं. त्याने ते हुंगलं. मग एक नजर मेघाकडे टाकली. मेघा स्टिअरिंगकडे बघत होती.

"खोलावं लागेल," तो म्हणाला.

साडेनऊ झाले. चार स्क्रू निघाले. दांड्याभोवतीचा काळा प्लास्टिकचा सांगाडा कटकन आवाज करून वर आला. भिकुबाई ओट्याच्या कडेला येऊन उभी होती. तिथून तिला रमजानची पाठ आणि मेघाचं डोकं दिसत होतं, बाकी काही नाही. मेघाने केसांतला आकडा काढून त्याला दिला. तो आत टोकरत होता. मोबाइलचा उजेड हलत होता. नुसता आकड्याचा खरखर आवाज.

"काय आहे आत?" भिकुबाईने विचारलं.

रमजानने तोंड उघडलं, पण बोलली मेघा.

"बिस्किटांचा चुरा. ड्यूटीवरून येताना खाते ना मी गाडीत. सांडला असेल."

रमजान क्षणभर थांबला. आकडा हातात तसाच.

"हां," तो म्हणाला. "चुराच."

भिकुबाई दीड तास जे गिळत होती ते सगळं वर आलं. आधी गाडीला बोलली, मग सुरतेच्या मुलाला, मग नोकऱ्या करणाऱ्या आणि रस्त्याने खात येणाऱ्या सगळ्या बायकांना. तिचा आवाज ओट्यावरून उतरून गल्लीत गेला. समोर सुंदरबाईचं सूत थांबलं. कडुनिंबाच्या झोक्यावर दोन पोरी होत्या, त्यांनी पाय टेकवून झोका उभा केला.

"माझा भाऊ तिथं पाणी न पिता बसलाय, मेलं अर्धं अंग घेऊन! नऊ वर्षांनी मी पाऊल उचललं, आणि ते कशात अडकलं? तर हिच्या बिस्किटांत! घरी बसून खायला काय तोंडाला कुलूप लावलं होतं मी? पाय मोडला तेव्हा अक्कलही तिथंच हायवेवर ठेवून आलीस का?"

मेघाचे कान लाल झाले. तिने मान वर केली नाही. डावा पाय, ज्याला त्या गाडीत काही काम नव्हतं, तिने हळूच सीटखाली ओढून घेतला.

"अक्का," रमजानने पेचकस खाली ठेवला. तीस वर्षांत तो तिच्यापुढे मोठ्याने बोलला नव्हता, आताही बोलला नाही. "बस करा."

"तू तुझं काम कर."

"तेच करतोय. तुम्ही बस करा."

तो पुन्हा वाकला. आतून निघालेलं सगळं त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर घेतलं होतं. स्क्रूवरचं ग्रीस त्याने अंगणातल्या दगडाला पुसलं होतं, झाकणाचा तुटका तुकडा गटारीकडे भिरकावला होता. पण तो कागद त्याने नीट चार घड्या घालून मेघाच्या हातात दिला आणि काहीतरी हळू विचारलं. मेघाने मान हलवली. उतरली, आणि एक पाय किंचित ओढत अंगणाच्या कोपऱ्यात तुळशीपाशी गेली. भिकुबाईकडे पाठ करून तिने कागद कुंडीत उपडा केला, वरून बोटांनी माती ओढली आणि परत येऊन गाडीत बसली.

भिकुबाईने बघितलं आणि तिचा जीव जळाला. उष्टा चुरा, तुळशीत! आखाजीच्या दिवशी, पहाटे हळद वाहिलेल्या तुळशीत! आता मात्र ही पोर हाताबाहेर गेली. ती ओट्यावरून उतरली, लुगड्याचा काठ मुठीत धरून तुळशीकडे निघाली. कुंडीतला चुरा हातात घेऊन सगळ्या गल्लीसमोर हिच्यापुढे धरायचा, असं तिच्या मनात होतं.

तिने माती बोटाने उकरली.

तांदूळ होते. पिवळे. ग्रीसने आणि धुळीने काळपटलेले, तुपाने एकमेकांना चिकटलेले, पण तांदूळ. दाणा न् दाणा ओळखीचा. आज सकाळच्या दोन चिमटींचे दाणे अजून ताजे होते, हळद ओली.

भिकुबाई खाली बसली. गुडघे वाजले. तिने आणखी माती उकरली. खाली आणखी दाणे होते, जुने, रंग उडालेले, मातीच्या रंगाचे झालेले. थरावर थर. कुंडीच्या कडेने, रोपाच्या बुंध्याशी, सगळीकडे. दसऱ्यापासूनचे. कुणीतरी ते आठवड्याच्या आठवड्याला दांड्याच्या भेगांतून टोकरून काढले होते, कागदात बांधले होते आणि पायदळी जाऊ नयेत म्हणून इथे आणून पुरले होते. एकदाही तिला न दिसता.

तिने माती परत ओढली. वरून थापटली. तिथल्या तांब्यातलं पाणी हातावर घेतलं.

"जमलं!" गाडीतून रमजानचा आवाज आला. खट्, असा एक आवाज झाला. दांडा 'पी' सोडून खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला.

भिकुबाई उठून गाडीपाशी आली. तिचे हात ओले होते, नखांत माती होती. तिने उघड्या दारावर हात ठेवला.

"रमजान."

"बोला."

"बिस्किटं पिवळी असतात का रे?"

रमजान झाकण बसवत होता. एक स्क्रू पूर्ण आवळून झाल्यावर त्याने मान वर केली.

"सुकदेवभाऊंचा ट्रॅक्टर पाटातून मीच काढला होता, अक्का," तो म्हणाला. "त्या दिवशी गिअर कोरडा होता. मी तेव्हा काही बोललो का?"

झोक्याची दोरी पुन्हा करकरू लागली होती. तिने मेघाकडे बघितलं. मेघाने आकडा केसांत परत खोवला होता.

"आणि तू? माले येडी समजतीस का? दसऱ्यापासून तोंड शिवलं होतं का तुझं?"

"काय सांगायचं होतं?"

"सांगायचं होतं, की म्हातारे, तुझ्या अक्षतांनी गाडी बंद पडतेय!"

"मग तुम्ही वाहायच्या थांबला असता," मेघा म्हणाली. "आणि मी ड्यूटीवरून येईपर्यंत ओट्यावरून उठला नसता. मला टोकरायला दहा मिनिटं लागतात."

"आज गेली ना वाया दहा मिनिटं! दोन तास गेले!"

"गेले."

"आणि माझं एवढं ऐकून घेतलंस? पायावरून बोलले ते?"

मेघाने फक्त आरसा सारखा केला. भिकुबाईला सगळ्यात जास्त राग त्या आरशाचा आला. दोन शब्द उलट बोलली असती, रडली असती, तर तिला काही करता आलं असतं. ही बाई नुसता आरसा सारखा करते.

रमजानने चपला घातल्या. मोटारसायकलला किक मारण्याआधी तो म्हणाला, "परतल्यावर माझ्याकडं आणा. फटीवर रबर बसवून देतो. मग काय वाहायचं ते वाहा."

समोरून सुंदरबाईला राहवलं नाही. ती ओट्याच्या पायरीपर्यंत आली होती.

"काय निघालं म्हणे, अक्का? बिस्किटं? मी म्हणतच होते. आजकालच्या सुनांना गाडी चालवायची हौस, सांभाळायची अक्कल नाही."

भिकुबाई वळली. लुगड्याचा पदर तिने कमरेला खोचला आणि सुंदरबाईला वाटलं आता ती रस्ता ओलांडून येते.

"सुंदर, बिस्किटं नव्हती. माझ्या अक्षता होत्या. मी बिघडवली गाडी. ऐकलंस? आता गावभर सांग. आणि माझ्या सुनेची अक्कल काढायची तर मी जिवंत आहे अजून, तुला गडी म्हणून लावलेलं नाही!"

सुंदरबाई पायरी चढून मागे गेली.

भिकुबाईने मागचं दार उघडलं. सांजोऱ्यांचा डबा काढला, कुरडयांची पिशवी काढली. दार लावलं. मग गाडीला वळसा घालून पुढे आली आणि मेघाच्या शेजारच्या सीटवर बसली. गाडी आल्यापासून ती या सीटवर बसली नव्हती. पुढे ड्रायव्हरजवळ गडीमाणूस बसतो, असं तिचं म्हणणं. डबा तिने मांडीवर घेतला. पट्टा लावायला तिला येत नव्हतं. मेघाने आडवा हात घालून लावून दिला. तिने लावू दिला.

"मामांना फोन करू का? दीड वाजेल पोचायला."

"करायचा नाही. त्याला माहितेय मी येते ते. नऊ वर्षं थांबला, तास-दीड तास थांबेल." मग जरा वेळाने, "गोळी घ्यायला सांग. मी म्हटलं म्हणावं. नाही घेतली तर येत नाही म्हणावं."

मेघाने फोनवर ते तसंच सांगितलं. पलीकडून काहीतरी कुरकुर ऐकू आली, मग पेल्याचा आवाज.

इंजीन सुरू झालं. मेघाने ब्रेकवर पाय ठेवला, हात दांड्याकडे नेला आणि सवयीने उचलून मांडीवर घेतला. थांबली. दसऱ्यापासून रोज थांबत होती तशी, समोर बघत.

भिकुबाईने चंची सोडली. पितळेची डबी काढली, झाकण उघडलं. चिमूट भरली. तिचा हात सवयीने दांड्यावर गेला आणि तिथे, त्या स्वच्छ पुसलेल्या काळ्या दांड्यावर, अधांतरी थांबला. बाहेर सुंदरबाई बघत होती. झोक्यावरच्या पोरी बघत होत्या.

मग ती वळली, डाव्या हाताने मेघाची हनुवटी आपल्याकडे फिरवली आणि ती चिमूट तिच्या भांगावर ठेवून अंगठ्याने दाबली. जरा जोरातच.

"जा माय," ती पुटपुटली.

मेघाच्या पापण्या हलल्या. तिने खाली बघायला मान झुकवली तशी भिकुबाई खेकसली.

"डोकं हलवू नको! साक्री येईपर्यंत एक दाणा जरी खाली पडला ना, तर बघ."

मेघाने मान ताठ केली आणि दांडा ओढला.